विसाच्या पुढे मला सरकू द्या

मी ठिपका बोलतोय. वाक्याच्या शेवटी निवांत बसलेला असतो, तो नव्हे. तसं बसणं माझ्या नशिबात नाही. शहराचं पुढे काय होणार ते दाखवणारा एक नकाशा असतो, कॉम्प्युटरवरचा. त्याच्या तळाशी एक आडवी पट्टी असते. पट्टीच्या डाव्या टोकाला 'आज' लिहिलेलं असतं आणि तिथून उजवीकडे वर्षं. त्या पट्टीवर बोटाने सरकवायचा एक छोटा गोल असतो. तो मी.

मला उजवीकडे ओढलं की वर नकाशात वर्षं पळायला लागतात. घरं उगवतात, झाडं कमी होतात, रस्ते लांबतात, नदी फुगते. मला सोडलं की सगळं जागच्या जागी थांबतं आणि मी तिथे चुळबुळत पडून राहतो. कुणी म्हणेल, एवढासा ठिपका, त्याला कसलं आलंय आत्मवृत्त! पण या शहरातल्या कितीतरी माणसांनी आपलं उद्याचं घर माझ्यावर बोट ठेवूनच पाहिलंय. तेवढ्यावर तरी माझं ऐकून घ्या.

मला घडवणारी बाई फार उतावळी होती. दूरच्या एका कंपनीत, काचेच्या खोलीत, खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची आणि दुसरा सारखा हलवत राहायची. मी नीट सरकतो की नाही हे बघायला तिने मला इतक्या वेळा पुढे-मागे केलं की सरकणं म्हणजेच जगणं अशी माझी समजूत झाली. माझी पट्टी तिने पन्नास वर्षांची केली. शेजारच्याने विचारलं, "पन्नासच का?"

"त्याच्या पुढे नुसता अंदाज."

"आणि पन्नासच्या आत?"

"आतही अंदाजच आहे रे. पण हिशेब मांडून केलेला."

हे ती हसत म्हणाली, पण मी ते मनावर घेतलं. मी ज्योतिषी नाही. असं केलंत तर बहुतेक असं होईल, तसं केलंत तर तसं, एवढंच मी दाखवतो.

तिथून मी या शहराच्या नियोजन कचेरीत आलो. तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. एक खिडकी नीट लागत नव्हती, म्हणून तिच्या फटीत कागदाची घडी कोंबलेली. कपाटावर जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात नकाशे छापायचं मोठं मशीन, जे छापण्यापेक्षा कुरकुरायचं जास्त. नकाशाचं काम एका बाईंकडे होतं. कचेरीत त्यांना मॅडम म्हणत. घरी त्यांचा मोठा भाऊ 'ठकी' म्हणायचा, हे मला नंतर कळलं, कारण मी त्यांच्या लॅपटॉपवरही असतो. मलाही ठकीच बरं वाटतं.

ठकी हुशार होती आणि चिकाटीची. जमिनीची उंची, माती, पाणी, झाडं, रस्ते, घरं, सगळे थर तिने एकावर एक नीट बसवले. आणि मग शहराची तीन भविष्यं तयार केली. पहिल्यात काहीच बदलायचं नाही, जसं चाललंय तसं. कचेरीत त्याचं नाव पडलं 'चालू द्या'. दुसऱ्यात नदीकाठच्या सखल गवताळ माळावर नवी वसाहत. ते 'नदीकाठ'. तिसऱ्यात उंचावरचा बसचा जुना डेपो गावाबाहेर हलवायचा आणि त्या जागी मजल्यांची घरं बांधायची. ते 'डेपो'.

'नदीकाठ'ची घरं दुसऱ्याच वर्षी उभी राहत होती. डेपोच्या जमिनीत वर्षानुवर्षांचं तेल आणि डिझेल मुरलेलं. ती माती स्वच्छ करून घरं बांधायला नववं वर्ष उजाडायचं. नकाशा तिन्ही भविष्यांना गुण द्यायचा. त्या शर्यतीत 'डेपो' मागे पडला आणि 'नदीकाठ' सगळ्यांचं लाडकं झालं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. नकाशा पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला होता. आराखड्याचा कालावधी किती? ठकीने वीस असं लिहिलं. तिला विचारही करावा लागला नाही. त्या कचेरीत सगळं वीस वर्षांचं असतं. लोकसंख्या वीस वर्षांची, पाण्याची गरज वीस वर्षांची, रस्त्याची रुंदी वीस वर्षांची. नियमच तसा आहे. झालं, माझ्या पट्टीवर विसाच्या आकड्यापाशी खिळा बसला. हिशेब मात्र आतल्या आत पन्नासपर्यंत चालूच होता, फक्त तो कुणी बघत नव्हतं.

मी विसापर्यंत धावायचो आणि धाडकन थांबायचो. पलीकडे पट्टी आहे हे मला ठाऊक होतं. पलीकडून काहीतरी ओलसर लागतंय, असंही वाटायचं. पण ठिपक्याला तोंड कुठे असतं?

मग शहराच्या वाचनालयात लोकांसाठी नकाशा मांडला. मोठा पडदा, बोटाने चालणारा. तिथे मी माणसं ओळखायला शिकलो. नकाशा समोर आला की माणूस आधी स्वतःचं घर शोधतो. मंत्री असो की हमाल, यात फरक नाही. घर सापडलं की शेजाऱ्याचं बघतो, आणि मग मला हात घालतो. दुकानदार पाचव्या वर्षी थांबायचे. इंजिनिअर मला एकदम टोकाला फेकायचे, मधलं काही बघायचेच नाहीत. नवरा-बायको असतील तर एक पुढे ओढायचा आणि दुसरी मागे. एक निवृत्त मास्तर मला 'आज'च्याही डावीकडे ढकलत राहिले. "मागे नाही का जात हा?" म्हणाले. ठकी म्हणाली, "नाही सर, मागचं नाही यात." ते बराच वेळ बोट तसंच ठेवून उभे होते.

तिथेच ठकीचा दादा आला, बायकोला घेऊन. दादा डेपोत मेकॅनिक. हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा काळ्याच. 'नदीकाठ'मध्ये त्यांना प्लॉट मिळाल्यात जमा होता, कोपऱ्याचा. दादाने तो आल्या आल्या शोधला आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना दाखवला. मग मला धरून त्याने आपली मुलगी चिमणी मोठी होईपर्यंतची वर्षं पुढे नेली. विसावर मी अडलो. त्याने पुन्हा ढकललं.

"ठके, हा अडकलाय गं."

"अडकला नाही, संपलाय. आराखडा वीसच वर्षांचा आहे."

"म्हणजे वीस वर्षांनी शहराला कुलूप लावणार काय तुम्ही?"

आजूबाजूचे हसले. वहिनीही हसली. ठकी पण हसली. दादा म्हणाला, "चेष्टा सोड. चिमणीची पोरं त्या घरात राहतील. पुढचं दाखव ना."

"पुढचं यात नाही, दादा."

असं ती म्हणाली खरी, पण तिच्या मनाने काहीतरी घेतलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या आल्या, पर्सही न उतरवता, तिने विसाचा आकडा खोडून पन्नास लिहिला.

मी सुटलो! काय सांगू तुम्हाला. एकवीस, बावीस, तेवीस, मी नुसता उधळलो. आणि पंचविशीच्या पुढे माझ्या डोक्यावर पाणी दिसायला लागलं. वर टेकडीवर वर्षाला थोडं थोडं सिमेंट वाढत होतं. विसापर्यंत ते कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं नव्हतं. पण पुढे टेकडीला पाणी मुरवायला जागाच उरत नव्हती. मोठा पाऊस झाला की ते सगळं खाली धावायचं. पूर्वी खालचा माळ ते पिऊन घ्यायचा. आता माळावर तर घरं होती. सत्ताविसाव्या वर्षी निळा रंग वसाहतीत शिरला आणि सगळ्यात आधी कोपऱ्याच्या प्लॉटवर चढला.

ठकीने मला मागे नेलं, पुढे नेलं. उंचीचा थर तपासला. पावसाचे आकडे कमी करून पाहिले. पाणी दोन-चार वर्षं लांबलं, पण आलंच. मग तिने 'डेपो' उघडलं. त्यात माळ मोकळा होता, घरं उंचावर होती आणि पन्नासाव्या वर्षीही कोरडी होती. विसाच्या आत हरलेला पर्याय विसाच्या पुढे जिंकत होता. तिने कचेरीच्या साहेबांना बोलावलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. चष्मा वर करून, स्टूल ओढून त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि मग म्हणाले, "हे आपल्या कालावधीत येत नाही."

"पण सर, दिसतंय."

"सुनावणी तोंडावर आली आहे. लोकांनी आशा लावली आहे. वीसच दाखवा. पुढचं पुढच्या आराखड्यात घेऊ, तेव्हाचे लोक बघतील."

"तेव्हाचे लोक तिथे राहत असतील, सर."

साहेब उठले. जाताना हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या घरचाही प्लॉट आहे ना त्यात? घरी बोलून घ्या आधी."

ती घरी बोलली. त्याचा साक्षीदार मीच. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या, त्यात दादा, वहिनी, चिमणी आणि ठकी. खाली मशीन सुरू झालं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं आणि पडद्यावर मीही. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी होती, छापखान्याला नव्हती. दादाने फरशीवर खडूने नव्या घराचं स्वयंपाकघर आखलं होतं, खऱ्या मापाचं. वहिनी त्या रेघांच्या आत उभी राहून ओटा कुठे घ्यायचा ते ठरवत होती.

"खिडकीपाशीच घ्या," ती म्हणत होती. "भांडी घासताना बाहेरचं काही दिसायला नको का?"

"दादा, इकडे बस जरा."

"बसतो. पण हे बघ, दार जर या बाजूला केलं ना..."

"दादा, बस."

तो बसला. ठकीने मला सत्ताविसावर नेलं. त्याने प्लॉट लगेच ओळखला.

"हे निळं काय?"

"पाणी. दर वर्षी नाही, पण मोठा पाऊस झाला की घरात."

"नक्की सत्ताविसाव्या वर्षी?"

"आसपास. थोडं अलीकडे किंवा पलीकडे. नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"नक्की नाही ना? मग दाखवू नकोस. सुनावणीत वीसच दाखव."

"परवा तूच म्हणालास ना, पुढचं दाखव म्हणून?"

"परवा मला काय माहीत होतं पुढे काय आहे ते!"

त्याचा आवाज चढला तशी चिमणी आतल्या खोलीत गेली. वहिनी अजून खडूच्या रेघांतच उभी होती. ती म्हणाली, "ताई, मग आमची सोय काय?"

"डेपोची जागा आहे, वहिनी. घर लहान असेल, वरच्या मजल्यावर असेल, पण कोरडं असेल."

"कधी?"

"नवव्या वर्षी."

खाली मशीन जोरात सुरू झालं आणि ती पेला धरायला टेबलाकडे आली. "नऊ वर्षं हा हादरा अजून," एवढंच ती म्हणाली. ते भांडणाच्या सुरात नव्हतं, म्हणून जास्त लागलं. ठकीने लॅपटॉप मिटला.

सुनावणी वाचनालयाच्याच सभागृहात झाली. खुर्च्या कमी पडल्या. दादा आणि वहिनी मधल्या रांगेत होते. साहेबांनी प्रास्ताविक केलं आणि ठकीने 'नदीकाठ' उघडून मला सरकवायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी घरं उगवली तेव्हा टाळ्या पडल्या. दहाव्या वर्षी झाडं वाढलेली दिसली, पुन्हा टाळ्या. मी विसावर येऊन थांबलो. खिळा नव्हता, तिने थांबवलं होतं. तिने मधल्या रांगेकडे पाहिलं. दादा खाली बघत होता.

"धन्यवाद मॅडम," साहेब म्हणाले.

"पुढे अजून वर्षं आहेत, सर," ती म्हणाली आणि तिने मला सोडलं नाही.

सत्ताविसावर लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. आधी का नाही सांगितलंत? मग आमची घरं कुठे? एकजण ओरडला, कॉम्प्युटरला काय कळतंय? दुसऱ्याने विचारलं, टेकडीवर कुणाकुणाचे बंगले होणार आहेत तेही सांगा. ठकी उत्तरं देत राहिली. दादा उठला, वहिनीला वाट करून दिली आणि दोघं बाहेर गेले. मला पळायला मिळालं म्हणून आनंद झाला होता. दादाची पाठ दिसली आणि त्या आनंदाची मला लाज वाटली.

सुनावणी घेणाऱ्या समितीने 'नदीकाठ' रद्द केलं नाही, मंजूरही केलं नाही. डेपोच्या मातीचे नमुने घ्या, म्हणाली. पडदा वाचनालयातच ठेवला, लोकांना बघता यावं म्हणून. घरी फरशीवरच्या रेघा पुसल्या गेल्या. लॅपटॉप टेबलावर उघडा असायचा, पण 'ठके' अशी हाक काही ऐकू यायची नाही. दादा जेवायचा, ताट उचलायचा आणि कामावर जायचा. ठकी जेवताना पडद्याकडे बघत राहायची, माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठेतरी.

आणि एका दुपारी दादा एकटाच वाचनालयात आला, कामाच्या कपड्यांत. 'नदीकाठ'कडे त्याने बघितलंही नाही. 'डेपो' उघडलं आणि मला हळूहळू ओढायला लागला. इतकं सावकाश मला कुणी कधी नेलं नव्हतं, एकेका वर्षावर थांबत. नवव्या वर्षी घरं उगवली तिथे त्याने बोट ठेवलं आणि उभा राहिला. गेला तेव्हा काचेवर त्याच्या बोटाचा काळपट डाग राहिला. सफाईवाल्या मावशींनी सकाळी तो पुसला. दुपारी तो पुन्हा तिथेच. असं बरेच दिवस चाललं. मावशी वैतागल्या. मी मात्र दुपारची वाट बघायला लागलो.

एकदा ठकी पडदा दुरुस्त करायला आली होती तेव्हाच तो आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ठके," तो म्हणाला, "नववं आठवं नाही का होणार?"

"नमुने येऊ देत. खोटं आठवं नाही करणार मी, दादा."

"खोटं नकोच आहे मला आता." मग थोडं थांबून म्हणाला, "एकदा तुझ्याकडून वीस मागितलं, तेवढं पुरे."

ठकीने मान फिरवली आणि उगाच एक वायर दोनदा काढून बसवली.

नमुन्यांचे अहवाल आले. तेल सगळीकडे मुरलेलं नव्हतं, बहुतेक वर्कशॉपच्या शेडखालीच होतं. बाकी जमीन लवकर मोकळी होण्यासारखी होती. ठकीने हिशेब पुन्हा मांडला आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा वहिनीला घेऊन आला. सवयीने मला नवव्या वर्षाकडे नेत होता, आणि घरं सातव्यातच उभी राहिली. त्याचं बोट तिथेच थिजलं. मागे नेऊन त्याने पुन्हा पाहिलं. सातवंच. "अगं, बघ!" एवढंच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. त्याने माझ्यावरून हात काढून घेतला. निघायच्या तयारीतच होता.

"थांबा," वहिनी म्हणाली. "पुढचंही बघू."

तिने स्वतः बोट ठेवलं. विसाशी जरा थबकली. मग पुढे. पंचवीस, सत्तावीस, तीस. माळ गवताचाच राहिला, पाणी आलं आणि माळावरच पसरलं. चाळीस. घरं कोरडी. ती मला पन्नासपर्यंत घेऊन गेली आणि पन्नासावर सोडून, नवऱ्याला म्हणाली, "चला. सात वर्षं काढू."

आजवर मला हाताळणारा जवळजवळ प्रत्येक माणूस जाताना मला 'आज'वर परत नेऊन ठेवतो. तिने नेलं नाही.

अजून काही ठरलेलं नाही. उद्या समितीची बैठक आहे आणि तिच्या विषयांत माझाही विषय आहे. कालावधी नियमाप्रमाणे पुन्हा वीस वर्षांचा करावा, म्हणजे लोकांमध्ये विनाकारण घबराट होणार नाही, असं कुणीतरी मांडलंय. म्हणून मी आज इतका अस्वस्थ आहे. मला सरकवायला कुणी आलेलं नाही, वाचनालय बंद व्हायला आलंय, आणि मी पन्नासावर उभा राहून विसाकडे बघतोय.

माझा हट्ट मोठा नाही. माझं सगळं खरंच ठरेल असं मी कधीच म्हणालो नाही. पण बघायला काय हरकत आहे? माणसं घाबरतील, म्हणता. घाबरू द्या की थोडी. छापखान्यावरच्या त्या दोन खोल्यांत सात वर्षं काढायला तयार झालेली बाईही आधी घाबरलीच होती. उद्या माझ्यावर खिळा ठोकायला हात उचलाल, तेव्हा तेवढं तिला विचारून या.